डब्यातले पंप

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका गल्लीच्या तोंडाशी मिस्त्रींचं गॅरेज होतं. आजूबाजूला लेथ, फाउंड्री आणि वेल्डिंगची दुकानं. बाजारात न मिळणारा भाग समोरच्या शेडमध्ये घडवून घ्यायचा, ही तिथली जुनी रीत. त्यामुळे पार सांगली-बेळगावपासून जुन्या गाड्यांचे मालक मिस्त्रींकडे यायचे. मिस्त्रींच्या हाताला गुण होता. इंजिन नुसतं ऐकून कितव्या सिलिंडरचं टॅपेट सैल आहे ते सांगायचे. असा माणूस चुकत नाही असं गिऱ्हाइकांना वाटायचं, आणि ऐकून ऐकून मिस्त्रींनाही तसंच वाटायला लागलं होतं.

त्यांच्या हाताखाली एक पोरगा होता. चंदगडकडचा, नुकता अठरा पूर्ण झालेला. सगळे त्याला बारक्या म्हणायचे. बोलायला कमी, त्यामुळे त्याला काय कळतं आणि काय कळत नाही याचा कुणी फारसा विचार केला नव्हता. गॅरेजच्या कडेला, पत्र्याच्या आडोशाला आबा बसायचे. आबा वायरमन. डायनामो, सेल्फ, हॉर्न, वायपरची मोटर, असली कामं त्यांच्याकडे जायची. वय झाल्यामुळे आता ते कुणी सांगितलं तरच उठायचे.

बाईंची गाडी या गॅरेजची जुनी गिऱ्हाईक. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. मिस्त्री त्यांच्याच वर्गात शिकलेले. पन्नाशी ओलांडलेला हा माणूस बाई आल्या की फडक्याला हात पुसत उभा राहायचा. गाडी १९८९ सालची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली, १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली. मुंबईत हीच गाडी काळा-पिवळा रंग लेवून कित्येक वर्षं टॅक्सी म्हणून धावली. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदलेली त्यातली शेवटची टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली, तेव्हा बाईंनी ती बातमी वर्तमानपत्रातून कापून ठेवली होती. त्यांच्या गाडीला तशी सक्ती नव्हती. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. ती पाळी आली म्हणून उन्हाळ्यात बाईंनी पत्र्याचं काम आणि रंग करून घेतला. सगळं मिस्त्रींच्या देखरेखीखाली. गाडी नव्यासारखी दिसायला लागली, तपासणीतून पास झाली, आणि पावसाळ्याच्या तोंडावर काचेवर पाणी मारणारा पंप बंद पडला.

हा पंप म्हणजे मुठीत मावणारी बारा व्होल्टची मोटर आणि तिच्या टोकाला छोटा पंखा. पाण्याच्या टाकीच्या बुडाशी रबरी बुचात तो खोचलेला असतो. त्याला पाणी वर ओढून घेता येत नाही, पंख्यापर्यंत ते आपसूक यावं लागतं, म्हणून त्याची जागा बुडाशी. बटण दाबलं की पाणी पाइपातून दोन नोजलांत जातं आणि तिथून काचेवर उडतं. पूर्वी पुष्कळ गाड्यांत यासाठी हातानं दाबायचा पंप असे. बाईंच्या यजमानांनी हौसेनं मोटरवाला पंप बसवून घेतला होता, आणि त्यांच्या माघारीही तो बिनतक्रार चालला होता.

“बाई, तेवढ्यासाठी कशाला हेलपाटा घातला?” मिस्त्री म्हणाले. “पावसाळ्यात काचेवर पाणीच पाणी असतंय की. अगदीच लागलं तर बाटलीनं मारायचं.”

“काच बाहेरून बघणाऱ्याला असंच वाटतं,” बाई म्हणाल्या.

मग त्यांनी घाटातली हकिकत सांगितली. बाईंचं माहेर घाटाखाली, वैभववाडीच्या बाजूला. गगनबावड्याहून खाली उतरताना पाऊस थांबला होता, रस्ता ओला होता आणि पुढे ट्रक चालला होता. ट्रकच्या मागच्या चाकांचा चिखल काचेवर बसला. वायपर लावला तसा त्या चिखलाचा लेप झाला. तेवढ्यात समोरून वळणावर एसटीचे दिवे आले आणि तो लेप पांढराफेक पडला. दोन श्वासांपुरतं बाईंना काहीही दिसलं नाही. गाडी कडेला घ्यायला जागा मिळाली हे नशीब. जोराच्या पावसात काच धुऊन निघते हे खरं, पण घाटात धोका असतो तो अशा अर्धवट ओल्या वेळेलाच. हे ज्यानं स्टिअरिंगमागे बसून अनुभवलं नाही, त्याच्या ध्यानात येत नाही.

शिक्षिकाच त्या, उदाहरण दिल्याशिवाय राहवेना. वायपरची गोष्टही अशीच आहे, असं त्या म्हणाल्या. न्यूयॉर्कमध्ये एका ट्रामचा चालक बर्फाच्या पावसात समोरची काच उघडून, तोंडावर झोत घेत ट्राम हाकत होता. मेरी अँडरसन नावाची एक प्रवासी बाई ते बघत होती. तिनं आतून दांडा ओढला की बाहेरची पट्टी काचेवर फिरेल अशी युक्ती काढली आणि १९०३ साली तिचं पेटंट घेतलं. कुठल्याच कंपनीनं ते घेतलं नाही. मुदत संपेपर्यंत तिच्या हाती एक पैसाही आला नाही. “तिनं चालकाच्या जागेवरून बघितलं,” बाई म्हणाल्या. “तू पण एकदा आत बसून बघ.”

मिस्त्रींनी मान डोलावली. पण आत बसून बघितलं नाही. त्यांनी पंपाची जोडणी सुटी केली, मीटर लावला, बारा व्होल्ट दिसले. करंट येतोय आणि मोटर फिरत नाही, म्हणजे मोटर गेली. बारक्याला पाठवून नवा पंप आणला, बसवला, बटण दाबलं. काचेवर दोन झोत उडाले. बाई पैसे देऊन गेल्या.

आठवडाभरानं पंप पुन्हा बंद.

मिस्त्रींना आश्चर्य वाटलं नाही. हल्लीचा माल असाच, असं म्हणून त्यांनी दुसरा आणला. तोही बसवल्याबरोबर झकास चालला आणि काही दिवसांनी थंडावला. आता मात्र मिस्त्री चिडले. दोन नवे पंप लागोपाठ जळतात म्हणजे कुणीतरी जाळतंय. आणि ते कोण, हे ठरवायला त्यांना वेळ लागला नाही. पंप बसवताना टाकी भरायचं काम बारक्याचं. पाण्याशिवाय असला पंप चालवला तर तो खरंच खराब होतो. पाणीच त्याला थंड ठेवतं आणि त्याच्या सीलला ओलावा देतं. बारक्यानं टाकी रिकामी असताना बटण दाबलं असणार.

“न्हाई ओ मिस्त्री, टाकी भरल्याबिगर मी हात बी लावला न्हाई.”

“मग दोन पंप हवेनं जळालं व्हय?”

त्या शनिवारी पगारातून एका पंपाचे पैसे कापले गेले. बारक्या काही बोलला नाही. जुने पंप फेकून द्यायला सांगितले होते, ते त्यानं ग्रीसच्या रिकाम्या डब्यात घालून बाकड्याखाली ठेवले.

मिस्त्री लबाड नव्हते आणि दुष्टही नव्हते, हे इथं सांगायला हवं. त्यांच्याकडे पुरावा होता. नवा पंप बसवला की यंत्र चालत होतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि गिऱ्हाइकानंही पाहिलं होतं. चुकीचा उपाय जेव्हा मुळीच लागू पडत नाही, तेव्हा तो माणसाला लवकर शहाणा करतो. चार दिवस लागू पडणारा चुकीचा उपाय फार वाईट, कारण तो प्रत्येक वेळी माणसाचा समज आणखी घट्ट करून जातो. पंप बदलताना आपल्या हातून आणखी काय काय हललं, काय सुटलं आणि काय पुन्हा आवळलं गेलं, हे मिस्त्रींनी स्वतःला विचारलं नाही. विचारायचं कारणच पडलं नाही.

गणपतीला चार दिवस उरले होते. बाई तिसऱ्यांदा आल्या तेव्हा त्या रागावलेल्या नव्हत्या, आणि मिस्त्रींना तेच जड गेलं. मूर्ती घेऊन घाट उतरायचा होता. माहेरच्या घरचा गणपती दरवर्षी कोल्हापूरच्या कुंभार गल्लीतून याच गाडीच्या मागच्या सीटवर बसून जायचा. मिस्त्रींनी बारक्याला हाक मारली, “जा रं, आनखी एक पंप घेऊन ये. ह्या वेळी मी स्वतः टाकी भरतो.”

बारक्या जागचा हलला नाही. म्हणाला, “मिस्त्री, पंप चांगला हाय.”

“तुला कसं म्हाईत?”

“जळाल्याचा वास न्हाई त्याला.”

मिस्त्री काही बोलणार, एवढ्यात आडोशातून आबांचा आवाज आला, “कुटं हाईत ते पंप?”

बारक्यानं डबा काढला आणि गाडीतला पंपही जोडणी सुटी करून उपसून आणला. आबा उठले. गाडीच्या मूळच्या पंपासकट तीनही पंप त्यांनी बाकड्यावर मांडले आणि एकेक नाकाशी नेऊन हुंगला. मोटरचं वाइंडिंग जळलं की त्याच्या वार्निशचा एक जळका, उग्र वास राहतो आणि तो महिनोन्‌महिने जात नाही. कुठल्याच पंपाला तसा वास येत नव्हता. मग त्यांनी बारक्याला घमेलंभर पाणी आणि बॅटरी आणायला लावली. पंपाचं तोंड पाण्यात बुडवून दोन तारा लावल्या. पहिला पंप फिरला आणि झोत समोरच्या भिंतीवर जाऊन आपटला. दुसराही तसाच. तिसऱ्याची धार बारीक आली. हा खराब, असं मिस्त्री म्हणणार, तोवर बारक्यानं दोन्ही तारांची अदलाबदल केली आणि त्याचाही झोत भिंतीपर्यंत गेला. तारा उलट्या लागल्या की मोटर उलटी फिरते. पंखा पाणी ढकलतो, पण अर्ध्या मनानं. आबांनी बारक्याकडे नीट बघितलं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

तीन पंप, तिन्ही चालू. आजवर यातल्या दोन पंपांना जळालेले ठरवून नवे आणले गेले होते आणि आता चौथा आणायची तयारी चालली होती.

“पर आबा, मीटर बघा की,” मिस्त्री म्हणाले. त्यांनी गाडीतल्या मोकळ्या जोडणीला मीटरच्या दोन्ही सुया लावल्या, बारक्याला बटण दाबायला सांगितलं. “बारा पॉइंट चार. करंट तर हितवर येतोय. मग पंपाशिवाय दोष कुणाचा?”

आबांनी मीटर बाजूला ठेवला. त्यांच्या पेटीत एक जुना टेस्टिंग बल्ब होता. मागच्या दिव्याचा एकवीस वॅटचा बल्ब, होल्डरला दोन लांब तारा. त्याच दोन टोकांवर त्यांनी तो लावला.

बल्बची तार नुसती तांबूस झाली. उदबत्तीच्या टोकाएवढा उजेड.

“हे तुझं बारा व्होल्ट,” आबा म्हणाले.

मिस्त्री खाली वाकून बघत राहिले. त्यांना विजेचं कळत नव्हतं असं नाही, पण इतक्या वर्षांत मीटरच्या आकड्यावर शंका घ्यायची वेळ आली नव्हती. आबांनी त्यांच्या पद्धतीनं सांगितलं. उसाची ट्रॉली रिकामी असताना कुठलाबी ट्रॅक्टर घाट चढून जातोय. ट्रॅक्टरात किती दम हाय ते ट्रॉली भरल्यावर कळतंय. मीटर म्हणजे रिकामी ट्रॉली. त्याला चालायला करंट जवळजवळ लागतच नाही. वाटेत कुठं गंज असो, एखादाच धागा शिल्लक राहिलेली तार असो, मीटरला त्याची झळ बसत नाही आणि तो खुशाल बारा दाखवतो. बल्बला पावणेदोन अँपिअर लागतात, पंपाला त्याहून जास्त. एवढा करंट मागितला की वाटेतली अडचण उघडी पडते.

“आता अडचन कुटं हाय ती हुडकायची,” आबा बारक्याला म्हणाले. मिस्त्रींना म्हणाले नाहीत.

मग जे झालं ते सगळं बारक्याच्या हातून झालं, आबा फक्त बोटानं दाखवत होते. बल्बचं एक टोक बटणाकडून येणाऱ्या तारेवर ठेवून दुसरं टोक थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं. बल्ब लख्ख पेटला. म्हणजे बॅटरी, फ्यूज, बटण आणि तिथून पंपापर्यंतची तार निर्दोष. फ्यूजच्या पकडी हिरवट पडल्या होत्या, त्या बारक्यानं जाता जाता पॉलिश पेपरनं घासून घेतल्या, पण दोष तिथं नव्हता. राहिली परतीची वाट, म्हणजे अर्थ. पंप पुन्हा जोडला, बटण दाबून ठेवलं, आणि आबांनी मिस्त्रींच्याच हातात मीटर दिला. पंपाच्या दोन टोकांत जेमतेम तीन व्होल्ट. पंपाचं अर्थचं टोक आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात नऊच्या वर. जिथं काहीच दिसायला नको, तिथं नऊ. पंपाच्या वाटणीचं व्होल्टेज वाटेतच कुणीतरी खात होतं. मीटरही खोटा नव्हता तर. त्याला पंप चालू असताना विचारायला हवं होतं.

आबांनी एक तुकडा तार बॅटरीच्या निगेटिव्हपासून पंपाच्या अर्थवर टेकवली. पंप घुर्र करून जागा झाला आणि पाणी काचेवर उडालं.

“पंपाची काळी तार कुटं जाती बघ,” आबा म्हणाले, आणि मग बाईंकडे वळले, “बाई, हा पंप शेवटचा नीट कवा चालत हुता?”

“रंगाला गाडी दिली तोपर्यंत,” बाई म्हणाल्या.

बारक्या टाकीच्या मागं हात घालून तारेच्या मागोमाग गेला. टाकीच्या बरोबर खाली आतल्या पत्र्यावर एक स्क्रू होता, त्यात काळी तार अडकवलेली. स्क्रू फिरवून काढला तर आटे लालभडक गंजलेले. तारेचा गोल टर्मिनल ज्या जागी बसत होता, तिथं चकचकीत नवा रंग, दोन हात जाड. उन्हाळ्यात रंगकाम झाल्यावर तार आहे तशी रंगावरच आवळून टाकली होती. रंगातून करंट जात नाही. जो काही जात होता तो स्क्रूच्या आट्यांतून, जिथं पत्र्याला किंचित ओरखडा पडला होता तेवढ्या जागेतून.

आता सगळं जुळून आलं. पंप बदलताना दर वेळी ही तार सोडवली जाई आणि पुन्हा आवळली जाई. स्क्रू फिरला की आट्यांवरचा गंज घासून निघे, धातूला धातू टेके आणि नवा पंप जोरात चाले. श्रेय पंपाला मिळे. पण बाजारातून आणलेल्या पंपाचं तोंड मूळच्यापेक्षा अंमळ बारीक होतं. रबरी बुचातून पाणी झिरपे आणि ते थेंब थेंब नेमकं त्या स्क्रूवर पडे. आठवड्यात पुन्हा गंज. म्हणजे मूळ दोषाला हात लागला नव्हताच, वर नवा पंप बसवण्याच्या उपायानंच त्याला पाणी घातलं होतं.

रंगकामानंतर ती तार कुणी आवळली होती? बारक्या तेव्हा गावी होता. त्याच्या चुलत बहिणीचं लग्न होतं. हे मिस्त्रींना आठवलं, आणि ते आठवल्याचं त्यांच्या तोंडावर दिसलं. बाईंनीही पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत. वर्गात एखाद्या मुलाला स्वतःची चूक सापडली की त्याच्या आणि चुकीच्या मध्ये जायचं नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

मिस्त्रींनी बारक्याच्या हातातला पॉलिश पेपर घेतला. गुडघ्यावर बसून त्या जागेवरचा रंग रुपयाएवढा खरवडला, पत्रा चांदीसारखा दिसेपर्यंत. स्वतः करून घेतलेला, बाईंनी पैसे मोजलेला रंग. जुना टर्मिनल कापून नवा लावला, त्याला झाळ दिली. नवा स्क्रू घेतला, खाली दातेरी चकती घातली म्हणजे ती पत्र्यात रुतून बसते. आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीनचा थर दिला. आणि तार टाकीखालून काढून एक वीत बाजूला घेतली, जिथं पाणी गळलं तरी पडणार नाही. गाडीचा मूळचा पंप बुचात घट्ट बसत होता, तोच परत बसवला.

एवढं करून बटण दाबलं, तर डावा झोत काचेच्या वरच्या कडेला गेला आणि उजव्या नोजलातून नुसती लाळ गळली. मिस्त्रींचा हात सवयीनं पंपाकडे गेला आणि तिथंच थांबला. त्यांनी बारक्याकडे बघितलं.

“सांग,” ते म्हणाले.

“पंपाचा आवाज भरल्याला हाय,” बारक्या म्हणाला, “आनि डावीकडं पानी जातंय. म्हंजे पंप न्हवं. उजव्या बाजूची वाट बघायची.”

त्यानं उजव्या नोजलाचा पाइप उपसला. पाइपातून पाणी भसाभसा आलं, म्हणजे अडथळा नोजलातच. नोजलाच्या भोकात पांढरी खडी धरली होती. तारेतला तांब्याचा एक बारीक धागा काढून त्यानं भोक मोकळं केलं. टाचणी किंवा सुई घातली नाही, त्यानं भोक मोठं होतं आणि झोत भलतीकडे जातो. मग उलट्या बाजूनं हवा मारली. टाकी काढून ओतली तेव्हा तळाशी दह्यासारखा पांढरा गोळा निघाला. त्याचाच चिकटा जाळीवर बसला होता.

“हे काय?” मिस्त्रींनी विचारलं.

“ते माझं,” बाई म्हणाल्या. “बोअरचं पाणी, आणि काच स्वच्छ व्हावी म्हणून त्यात कपडे धुण्याची पावडर.”

जड पाण्यातला क्षार आणि साबणाची पावडर एकत्र आले की असा गाळ धरतोच. आबांनी टाकी व्हिनेगर घातलेल्या पाण्यानं खळबळून घ्यायला सांगितली आणि मग साध्या पाण्यानं दोनदा. यापुढं गाळलेलं पाणी किंवा पावसाचं धरलेलं पाणी घालायचं, फारच वाटलं तर शाम्पूचा एखादा थेंब. बाईंनी पर्समधून डायरी काढून लिहून घेतलं, आपल्या एका विद्यार्थ्यासमोर आणि त्याच्या हाताखालच्या पोरासमोर. लिहिताना त्यांना संकोच वाटला नाही. मिस्त्री ते बघत होते. माझ्या मते त्या दिवशी त्यांना आबांच्या बल्बपेक्षाही या लिहून घेण्यानं जास्त शिकवलं.

आता दोन्ही झोत सारखे उडत होते. मिस्त्री ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसले, मूठभर मातीचं पाणी बारक्याला काचेवर टाकायला लावलं, आणि आतून बघितलं. वायपर फिरला, काच तपकिरी झाली. समोर गल्लीच्या टोकाचा दिवा होता, तो पसरट पिवळा डाग होऊन गेला आणि त्याच्याखालची माणसं दिसेनाशी झाली. त्यांनी बटण दाबलं. वायपरच्या दोन फेऱ्यांत माणसं परत आली. तरी ते बराच वेळ आत बसून होते.

हिशोबाच्या वेळी मिस्त्रींनी दोन्ही पंपांचे पैसे बाईंपुढे ठेवले. बाईंनी एकाचे घेतले. दुसरा पंप अडीनडीला डिकीत असू दे म्हणाल्या. अर्थच्या कामाची मजुरी त्यांनी हट्टानं दिली. मिस्त्रींनी ती तशीच आबांच्या हातात ठेवली आणि खिशातून आणखी नोटा काढून बारक्यासमोर धरल्या.

“त्या शनवारचं,” ते म्हणाले. आणि मग, गॅरेजमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, “पंप तू जाळला न्हवतास. तार मी रंगावर बसवली हुती.”

बारक्यानं पैसे घेतले. तो लाजला आणि फडकं शोधायला लागला.

बाई गणपती घेऊन घाट उतरल्या. त्या खेपेला पावसानं उघडीप दिली होती, रस्ता ओला होता आणि पुढं ट्रकही होता. काच धुतली गेली, एवढंच त्यांनी परत आल्यावर सांगितलं, आणि मोदकांचा डबा आबांच्या स्टुलावर ठेवला.

दिवाळीच्या आधी एक मारुती ८०० आली, हॉर्न मुका झालेला. मालक घाईत होता. “नवा टाकून द्या, पैशाचं बघू नका,” असं तो म्हणत होता. पूर्वी मिस्त्री एवढं ऐकून बारक्याला दुकानात पिटाळायचे. आता त्यांनी आबांच्या पेटीतला बल्ब मागून घेतला, बारक्याच्या हातात दिला आणि मालकाला बाकडं दाखवलं. बारक्यानं हॉर्नच्या दोन टोकांवर बल्ब लावला, मिस्त्रींनी हॉर्नचं बटण दाबलं. बल्ब लख्ख पेटला. बटण चांगलं, फ्यूज चांगला, तारा चांगल्या, अर्थ चांगली. तरी बारक्यानं हॉर्न सोडवून थेट बॅटरीवर लावून बघितला. त्यातून हूं की चूं निघालं नाही.

“हॉर्नच गेलाय,” तो म्हणाला.

“जा मग, नवा घेऊन ये,” मिस्त्री म्हणाले. “आनि जुना टाकू नको. गिऱ्हाइकाला बॅटरीवर लावून दाखवायचाय.”